शेजारी कुणी गेलं तर: पहिल्या तासापासून पहिल्या दिवाळीपर्यंत

‘काही लागलं तर सांगा हं’ असं मयताच्या घरी दिवसभरात पन्नास जण म्हणून जातात आणि त्यातल्या एकालाही नंतर फोन येत नाही. घरच्यांना संकोच असतोच, पण खरी अडचण वेगळी असते. काय लागणार आहे हे त्यांचं त्यांनाच कळत नसतं. जिचा नवरा सकाळी गेला तिला ‘आज दूध किती घेऊ?’ हा प्रश्नसुद्धा जड जातो.

आजवर ज्यांच्या घरातून समाचाराला आई-बाबाच जात होते आणि आता फ्लॅटमध्ये राहताना ती वेळ स्वतःवर आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. धरून चालायचं सूत्र एकच: कामं तुम्ही उचला, निर्णय त्यांचे त्यांना घेऊ द्या. शेजारीपाजारी बहुतेकदा नेमकं उलट करतात. विधी कुठे करायचे, किती दिवसांचे करायचे, अमक्याची वाट बघायची की नाही, यावर जिन्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाचं मत असतं. आधार कार्डाची झेरॉक्स काढून आणायला मात्र माणूस सापडत नाही.

पहिला तास

कळलं की जा. ‘घरची माणसं येऊ देत, मग जाऊ’ असं करू नका. घरची माणसं नाशिकहून किंवा नागपूरहून निघालेली असतात आणि तोवर घरात एखादी म्हातारी आणि एक गोंधळलेला मुलगा असतो. दार उघडंच असतं, बेल वाजवू नका. बोलायला सुचत नसेल तर काही बोलू नका.

प्रत्येक घरात अशा वेळी एक माणूस फोनवर असतो. भाऊ, जावई, भाचा, कधी ऑफिसातला सहकारी. त्याला गाठा आणि कामाचं नाव घेऊन विचारा. ‘काही मदत?’ असं विचारू नका. ‘डॉक्टरांना मी आणतो’, ‘शववाहिकेचं मी बघतो’, ‘गावाकडच्यांना पत्ता आणि लोकेशन मी पाठवतो’ असं म्हणा. त्याने नुसती मान हलवली तरी काम तुमचं झालं.

मृत्यू घरी झाला असेल तर आधी डॉक्टर. ज्यांच्याकडे उपचार चालू होते त्यांनी येऊन तपासून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र दिल्याशिवाय स्मशानात पुढचं काही होत नाही. फॅमिली डॉक्टर गावाला गेलेले असतात, रात्रीचे दोन वाजलेले असतात, दुसरे डॉक्टर अनोळखी माणसासाठी सही द्यायला कचरतात. अशा वेळी जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून हाताशी ठेवणारा शेजारी फार उपयोगाचा. पडून, भाजून, विषाने, अपघाताने किंवा आत्महत्येने मृत्यू झाला असेल तर पोलिसांना कळवणं टळत नाही. ‘उगाच कशाला झंझट’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ११२ ला फोन करा, आणि पोलीस येईपर्यंत खोलीतल्या वस्तू कुणी आवरायला लागलं तर थांबवा. १०८ ची रुग्णवाहिका रुग्णांसाठी असते. शववाहिका वेगळी. महापालिकेची, नगरपालिकेची किंवा जवळच्या एखाद्या मंडळाची. तिचा नंबर सोसायटीच्या वॉचमनकडे लिहिलेला असायला हरकत नाही.

नेत्रदानाचा विषय याच तासात निघाला तर निघतो. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं, चेहरा विद्रूप होत नाही, पैसे लागत नाहीत. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मधुमेह होता म्हणून अडत नाही. घरच्यांचा विचार चाललाय असं दिसलं तर पंखा बंद करा, पापण्या मिटवून त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा आणि डोक्याखाली उशी द्या. विचारायचं ते एकदाच, फोनवरच्या त्या माणसाला, हळू आवाजात. नाही म्हणाले तर विषय संपला. त्यांना अपराधी वाटेल असं बोलू नका.

अंगावरचे दागिने कुणीतरी काढतंच. ते दोन माणसांसमोर घरातल्याच व्यक्तीच्या हातात द्या आणि काय काय दिलं ते कागदावर लिहा. आत्ता हे कोरडं वाटेल. महिन्याभराने ‘ती अंगठी कुठे गेली’ यावरून दोन जावांमध्ये कायमचं वितुष्ट येऊ शकतं, तेव्हा हाच कागद कामाला येतो.

लोक स्मशानात गेल्यावर

खांदा द्यायला माणसं खूप असतात. मागे घरात थांबायला कमी. घर सताड उघडं, कपाटाच्या किल्ल्या टेबलावर, आत कोण आलं कोण गेलं कुणाला पत्ता नाही, अशी अवस्था असते. एक-दोघांनी थांबायचं ठरवा. परतणाऱ्यांच्या अंघोळीसाठी गिझर लावायचा, बादल्या भरून ठेवायच्या, जिथे पद्धत असेल तिथे दाराशी कडुलिंबाचा पाला ठेवायचा, फरशी पुसून घ्यायची. पार्किंगमध्ये बाहेरगावच्या गाड्यांना जागा करून द्यायला वॉचमनला सांगायचं. यात दाखवण्यासारखं काही नसतं, म्हणून हीच कामं राहून जातात.

आणि जी व्यक्ती मागे राहिली आहे तिच्या गोळ्या बघा. हे मी मुद्दाम ठळक सांगतो. म्हाताऱ्या जोडप्यात एकमेकांच्या औषधांचा हिशोब दुसरा ठेवत असतो. आजोबाच रोज सकाळी आजींच्या डबीत बीपीची आणि थायरॉइडची गोळी काढून ठेवत. आजोबा गेले आणि तीन दिवस डबी रिकामीच होती, हे चौथ्या दिवशी आजींना चक्कर आल्यावर कळलं, असं आमच्याच मजल्यावर झालं. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने दिवसभर काही खाल्लेलं नसतं आणि ‘आज त्यांना खा म्हणून कसं सांगायचं’ म्हणून सगळे गप्प बसतात. सांगायचं. भाताची पेज, ताक, निदान दोन बिस्किटं समोर ठेवायची आणि शेजारी बसायचं.

जेवण

त्या दिवशी चूल पेटत नाही, जेवण शेजारून जातं. पिठलं-भात, मुगाची खिचडी, आमटी-भात असं साधं. काही भागांत याला कडू घास म्हणतात. पाठवण्याआधी घरातल्या एखाद्या जाणत्या बाईला विचारून घ्या: बऱ्याच घरांत सुतकात कांदा-लसूण चालत नाही, तळण आणि गोड करत नाहीत, काही ठिकाणी फोडणीसुद्धा देत नाहीत.

खरा घोटाळा प्रमाणाचा. पहिल्या दिवशी सहा घरांतून सहा पातेली खिचडी येते, रात्री ती वाया जाते आणि चौथ्या दिवशी कुणाचाच डबा येत नाही. म्हणून मजल्यावरच्या चार घरांनी मिळून कागदावर पाळी लावा. कुणी सकाळचा चहा-नाश्ता, कुणी दुपारचं, कुणी रात्रीचं. आज किती माणसं मुक्कामाला आहेत ते रोज एकाच व्यक्तीने विचारायचं आणि बाकीच्यांना कळवायचं. चहाचा मोठा थर्मास नेऊन ठेवा. कागदी कप आणि कचऱ्याच्या काळ्या पिशव्याही न्या. त्या कुणालाच आठवत नाहीत.

डबे परत मिळण्याची अपेक्षा ठेवू नका, किंवा नाव कोरलेलेच डबे पाठवा. त्या घरच्या सुनेने आठव्या दिवशी ओट्यावर अकरा स्टीलचे डबे मांडून ‘हा कुणाचा’ करत बसावं, ही मदत नव्हे. आणि रिकामे डबे तुम्हीच जाऊन घेऊन या.

तोंडावर ताबा

काय म्हणावं यापेक्षा काय म्हणू नये याची यादी लांब आहे. ‘सुटले बिचारे’ हे घरच्यांनी म्हटलं तर ठीक, आपण म्हणायचं नाही. त्यांनी वर्षभर केलेल्या शुश्रूषेवर आपण एका वाक्यात निकाल देतो. ‘निदान मुलं तरी मार्गी लागली’, ‘वय झालं होतं’, ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात’, ‘आता तूच खंबीर व्हायला हवं’ ही सगळी बोलणाऱ्याची सोय आहे. ‘वेळेवर दुसऱ्या हॉस्पिटलला हलवलं असतं तर’ हे तर कधीच नको. ते वाक्य मुलाच्या डोक्यात वर्षानुवर्षं घोळत राहतं.

‘कसं झालं?’ हा प्रश्नही टाळा. त्या माणसाला तीच हकिकत त्या दिवसात चाळीस वेळा सांगावी लागलेली असते. त्याला सांगायची असेल तर तो आपणहून सांगेल, आणि मग मात्र मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐका. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका. ‘काका दर रविवारी मला कोडं सोडवायला हाक मारायचे’ असं एखादं नेमकं आठवत असेल तर सांगा. सांत्वनाच्या चार ठरीव वाक्यांपेक्षा ते बरं लागतं. पंधरा मिनिटं बसा आणि उठा. बऱ्याच घरांत अशा वेळी ‘येतो’ म्हणून निघत नाहीत, तर नुसते हात जोडा.

व्हॉट्सअ‍ॅपचं थोडक्यात: घरच्यांनी कळवायच्या आधी सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, परदेशातल्या मुलीला बाप गेल्याचं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या फॉरवर्डमधून कळू नये. पार्थिवाचा फोटो कुठेही नाही.

घर दुसऱ्या धर्माचं किंवा दुसऱ्या रीतीचं असेल तर आपली पद्धत गृहीत धरू नका. मुस्लिम घरात दफन शक्य तितक्या लवकर, बहुधा त्याच दिवशी होतं. विधवेचा इद्दतचा काळ चार महिने दहा दिवसांचा असतो, त्या काळात ती सहसा बाहेर पडत नाही, म्हणून बाजारहाट आणि बँकेची कामं विचारून घ्या. ख्रिस्ती घरात चर्चमधल्या प्रार्थनेला नुसतं जाऊन मागच्या बाकावर बसलात तरी चालतं. बौद्ध घरात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, त्याची तारीख विचारून ठेवा. माहीत नसेल तर सरळ विचारावं, ‘आमच्याकडून काही चुकू नये म्हणून विचारतो’ एवढं म्हटलं की लोक आनंदाने सांगतात.

घरात लहान मूल असेल तर

मुलाला ‘बाबा गावाला गेलेत’ असं सांगू नका आणि कुणी सांगत असेल तर बाजूला घेऊन थांबवा. गावाला गेलेला माणूस परत येतो. काय सांगायचं आणि कधी, हे आई किंवा आजी ठरवेल, पण तुम्हाला मुलाने थेट विचारलंच तर ‘बाबा वारले, आई तुला नीट सांगेल, चल तिच्याकडे जाऊ’ इतकं खरं सांगता येतं. मुलांना तुमच्या घरी खेळायला न्या, पण लपवायला म्हणून नको. त्याला अंत्यदर्शन घ्यायचं असेल तर तेही घरच्यांना विचारा. शाळेत वर्गशिक्षिकेला कळवणं, बुडलेल्या वह्या आणणं, बसस्टॉपवर सोडणं ही कामं शेजारच्या मुलाच्या आईने घेतली तर सगळ्यांत बरं.

कागद

आता जे सांगतो त्यात भावना काहीच नाही, पण माझ्या मते सगळ्यांत मोठी माया इथेच करता येते. कारण रडणाऱ्याजवळ बसायला नातेवाईक असतात. खिडकीसमोर रांगेत उभं राहायला नसतात.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला असेल तर ते कळवतात, घरी झाला असेल तर कुटुंबाने कळवायचं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर नाव भरलं जात असताना मृताचं आधार कार्ड हातात धरून अक्षर न् अक्षर ताडून बघा. वडिलांचं नाव, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग, वय. घरच्यांना त्या क्षणी ते दिसत नाही आणि एका चुकलेल्या अक्षरासाठी पुढे सहा महिने बँक, विमा, पेन्शन सगळं अडून राहतं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढून ठेवा, जागोजागी लागतात.

गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर बंद करू नका, उलट रिचार्ज चालू ठेवायला सांगा. बँका, पीएफ, गॅस कनेक्शन, वीजबिल या सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. मात्र त्या माणसाचं एटीएम कार्ड किंवा यूपीआय वापरून खात्यातून पैसे काढायचे नाहीत, पिन माहीत असला तरी. खात्याला नॉमिनी नेमलेला असेल तर पैसे मिळायला फार त्रास होत नाही, पण मृत्यूनंतर काढलेल्या रकमेवरून भावंडांत आणि बँकेतही प्रश्न उभे राहतात. तातडीच्या खर्चाला पैसे कमी पडतायत असं दिसलं तर पाकिटात घालून फोनवरच्या माणसाच्या हातात द्या, चारचौघांत नको. परत मिळायला हवेत की नकोत, तेही तेव्हाच स्पष्ट सांगा. अर्धवट सोडलेल्या उसनवारीने चांगले शेजार तुटतात.

दहा-बारा दिवसांनी घरच्यांची परवानगी घेऊन पासबुक चाळा. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापले गेले असतील तर ती पंतप्रधान जीवनज्योती विमा योजना आहे, नॉमिनीला २ लाख रुपये मिळतात. २० रुपयांची कपात असेल तर ती सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला २ लाख. हे पैसे आपोआप जमा होत नाहीत, बँकेत जाऊन दावा करावा लागतो, आणि खातं उघडताना कुठे सही केली होती हे घरात कुणालाच आठवत नसतं. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर पीएफबरोबर कुटुंबाला पेन्शन आणि ७ लाखांपर्यंतची विम्याची रक्कम मिळू शकते. कंपनीच्या एचआरला विचारा. गावाकडे शेतजमीन असेल तर वारस नोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं असतं.

तुम्ही फॉर्म आणा, भरून द्या, झेरॉक्स काढा, बरोबर चला. कुणाच्या नावावर काय करायचं, फ्लॅट विकायचा की ठेवायचा, पैसे कुठे गुंतवायचे, यावर अवाक्षर काढू नका. विचारलं तरी ‘सहा महिने काही करू नका’ यापलीकडे जाऊ नका. या काळात पॉलिसी विकणारे, ‘केवायसी करून देतो’ म्हणणारे आणि लांबचे हुशार नातेवाईक फार फिरकतात. त्यांना दाराबाहेर ठेवणं हेही कामच.

तेराव्यानंतर

गोडजेवण झालं की मांडव निघतो, पाहुणे जातात, मुलगा बंगळुरूला परततो. चौदाव्या दिवसापासून त्या घरात एक माणूस आणि भिंतीवरचा फोटो उरतो. सगळ्यांना वाटतं, आता आटोपलं. माझा अनुभव असा की बायका-पुरुष खरे कोसळतात ते इथून पुढे, आणि तुमच्या शेजारीपणाचा कस इथे लागतो.

मोठी वचनं देऊ नका. झेपेल असं एक काम आणि एक वार धरा. बुधवारी संध्याकाळी भाजी आणायला बरोबर जाणं, रविवारी सकाळचा चहा, महिन्याचं वीजबिल भरून देणं. वार ठरलेला असला की त्या माणसाला मागावं लागत नाही आणि तुम्हालाही विसरता येत नाही. एकट्याने जेवणाऱ्या पुरुषांकडे जास्त लक्ष द्या. पन्नास वर्षं ज्याने कधी कुकर लावला नाही तो बिस्किटं खाऊन दिवस काढतो आणि ‘जेवलो’ म्हणतो. त्याला डबा लावून देण्यापेक्षा वरण-भात शिकवा. लाजेल, पण शिकतो. कुणी आठवडेच्या आठवडे झोपतच नसेल, अंघोळ सोडली असेल, ‘मी कशाला राहिलो’ असं वारंवार म्हणत असेल, तर घरच्यांना सांगा आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्या. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असतो.

बाई मागे राहिली असेल तर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. तुमच्या बिल्डिंगमध्ये असा ठराव नसेल, पण त्या दिवशी तिच्याभोवती जमलेल्या बायकांत तुम्ही असाल. ‘हे करायलाच लागतं’ म्हणत कुणी तिचा हात धरला तर तिथे गप्प बसू नका. ‘तिला विचारूया’ एवढंच म्हणा. तिला स्वतःला काढायचं असेल तर ती काढेल, ठेवायचं असेल तर ठेवेल. बहुतेक वेळा तिला कुणी विचारलेलंच नसतं.

पुढे पहिली दिवाळी येते. त्या घरी कंदील लागत नाही, फराळ होत नाही. तो शेजाऱ्यांनी न्यायचा असतो, आणि डबा दारात देऊन पळायचं नसतं, आत बसून तिच्याबरोबर चार शंकरपाळे खायचे असतात. मग संक्रांत. हळदीकुंकवाची यादी करताना तिचं नाव ‘तिला कसं वाटेल’ म्हणून वगळलं जातं. वगळू नका. स्वतः जाऊन बोलवा, बाकीच्या बायकांसारखंच वाण द्या, हळदीकुंकू लावू का हे तिलाच विचारा. यंदा नको म्हणाली तर आग्रह नको, वाण घरी नेऊन द्या आणि पुढच्या संक्रांतीला परत बोलवा.